काढू नये

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे, हलवेवाल्यांच्या गल्लीत
राशिद बू-खलफ यांच्या वरच्या खोलीत
आधी एसी बंद करावा लागतो.
मग फ्रीज. मग जिन्याखालचं वॉशिंग मशीन,
सूनबाईंना विचारून.
एवढ्या शांततेत घाम फुटतो.
कोमट पाण्यात मऊ ब्रश बुडवते मी.
स्पिरिट चालत नाही, लाख विरघळते.

आठवडाभर मनामाच्या इस्पितळात लोकांचे कान तपासते,
"ऐकू आलं की बटण दाबा."
शुक्रवारी माझी परीक्षा.

सहा तबकड्या. संगीत उसनी दाढी, अंक दुसरा.
मोती अजून मोती होते तेव्हाचा सौदा:
यांचे आजोबा मुंबईहून तांदूळ घेऊन आले, सागाच्या फळ्या,
एक भोंग्याचं यंत्र,
आणि दुकानदारानं वर घातलेलं हे,
खपत नव्हतं म्हणून.
त्यांना मराठी येत नव्हतं.
तळहातावर मोती फिरवत भाव करणारा माणूस,
ही काळी गोल वस्तूही त्यानं
तशीच फिरवून बघितली असेल.

तिसरी तबकडी अठ्ठ्याहत्तरवर लावली तर
लुगड्यातला रंगनाथ केळशीकर
काळी चार आणि पांढरी सहा यांच्या फटीत अडकून गातो.
तिथे कुठलीच पेटी त्याला भेटायला जाऊ शकत नाही.
शहात्तरवर आणला.
काळी चार. घरी आला.

सावकाराचं सोंग घेतलेला नवरा, त्याची दाढी सुटते,
आणि बायको गाते:
"गळली दाढी, उरला नवरा,
कुणास मागू व्याज?"

मी रात्रभर खरखर धुतली. टिचक्या वेचल्या एकेक,
तांदळातले खडे वेचावेत तशा.
दोन मिनिटं अकरा सेकंदांवर एक मोठा तडा होता,
'कुणास मागू'च्या पुढे. तोही बुजवला.
ओळ स्वच्छ झाली.
इतकी की त्यात हसण्यासारखं काही राहिलं नाही.
मला वाटलं, जुना विनोद. शिळा होतो.

राशिद ऐंशीचे. डोळे मिटून ऐकत होते,
आणि त्या जागी हसले.
रिकाम्या जागी.
मी यंत्र थांबवलं.
"इधर एक आदमी हसता है," ते म्हणाले.
"दादाजी इधर हसता था. फिर बाबा. फिर हम.
आदमी किधर गया?"

मूळ फीत काढली. हेडफोन. पुन्हा. पुन्हा.
तडा नव्हता तो.
पेटीवाला होता.
दाबून ठेवलेलं, नाकातून निसटलेलं हसू,
आणि भात्यावरचा हात सुटल्यामुळे
किंचित खाली बसलेला षड्ज.
नाव लेबलवर नाही.
बिदागी किती मिळाली, माहीत नाही.
एवढंच केलं त्यानं,
आणि एका घरानं तीन पिढ्या
न कळणाऱ्या भाषेत वेळेवर हसून घेतलं.

मी त्याला परत बसवला.
त्याच्या आजूबाजूची खरखरही ठेवली थोडी.
त्यात लाख आहे, वाळू आहे,
कुठली कुठली, वेगळं करता येत नाही.

मग नोंदवही.
स्वर: वरच्या पंचमाला कमी पडतो. श्वास तोकडा.
तबला भोंग्यापासून फार लांब, जणू शेजारच्या घरात.
अंतरा कंटाळवाणा. हेही लिहिलं. प्रेमापोटी गुण वाढवायचे नाहीत.
शेवटी लुगड्यातून मूळचा जाड आवाज येतो,
"केळशीकर, मुंबई,"
आणि एक खाकरणं. अस्सल.

शेरा: २ मि. ११ से. दोष नाही. काढू नये.

शनिवारी सूनबाईंचा निरोप आला.
फ्रीज चालू करायचा राहिला होता.
दूध नासलं. मासेही.
शेवटी लिहिलं होतं, पुढच्या शुक्रवारी या,
पण येताना बर्फ आणा.