उलटी कडी

हाकोदाते. कुदोबाईंचं दुकान.
हिरव्या मखमलीवर दोन कॅमेरे:
एक निकॉन, कोपऱ्यांना पितळ उघडं पडलेला,
दुसरा ऑलिंपस, तळहातात बसेल असा.
त्याला लागणारी पाऱ्याची बॅटरी
आता मिळत नाही, हे बाई आधीच सांगून टाकतात.
"शटर दोघांचंही बॅटरीवाचून चालतं.
उजेड तेवढा डोळ्यांनी मोजायचा."

किंमत सारखीच. फेरीच्या धक्क्यावर
दोन आठवडे दोर झेलायचे, तेवढी.

निकॉन डोळ्याला लावते.
खिडकीबाहेर माकूळ पकडायच्या होड्या, दिवे विझलेले,
एक म्हातारा फावड्याने बर्फ खरवडतोय.
तो स्पष्ट व्हावा म्हणून कडी फिरवते
आणि तो विरघळतच जातो.
"याची उलटी फिरते," बाई म्हणतात.
"तुमचा हात ऑलिंपसवर शिकलाय."

खरंय. एक अख्खा हिवाळा
शिगेनोचा कॅमेरा माझ्या गळ्यात होता.
तो कुशिरोला गेला, कॅमेरा घेऊन गेला,
बोटांना वळण तेवढं ठेवून गेला.

ऑलिंपस उचलते. म्हातारा एका झटक्यात लख्ख,
फावड्याची मूठ, टोपीची सुटलेली दोरीसुद्धा.
किती सोपं.

मी निकॉन घेतला.

पहिल्या रोलात छत्तीसपैकी एकवीस धूसर.
कुदोबाई पट्टी दिव्यासमोर धरतात,
काही बोलत नाहीत.
दुसऱ्यात चौदा.
तिसरा अजून कॅमेऱ्यातच आहे.
सकाळी धक्क्यावर पहिली बोट दिसते,
हात आधी त्याच्या बाजूला जातो,
थबकतो,
मग परत फिरतो.