तवश्याच्या गराचा रंग

वेंगुर्ल्याच्या बंदराला बोट लागायची बंद झाली
त्याला जमाना झाला,
पण बोटीसारखी बांधलेली एक इमारत
समुद्राकडे तोंड करून अजून उभी आहे:
गोल खिडक्या, गोलावलेले कोपरे,
कपाळावर भुवयांसारखे तीन छज्जे
आणि मधोमध सिमेंटचा अर्धा सूर्य,
उगवतोय की मावळतोय
हे बांधणाऱ्या नार्वेकर शेटना कुणी विचारलं नाही.
'किरण टॉकीज'. मधला 'र' पडलेला.
आम्ही 'किण'लाच जायचो.

आता तिथे लग्नं होतात,
बारशी, पंचाहत्तऱ्या, काजूवाल्यांचं अधिवेशन.
मधली एकोणीस वर्षं खताच्या गोणी होत्या
आणि बाल्कनीत वटवाघळं, फुकट.

डागडुजीला आली तेंडोलकरांची पोर,
हातात डॉक्टरांची असते तसली सुरी.
भिंत खरवडायची. निळा, त्याखाली गेरू,
त्याखाली कुठल्याशा निवडणुकीचा चुना.
संध्याकाळी टपरीवर येऊन विचारायची,
आतल्या भिंतींचा मूळ रंग कोणता हो?
बाबल पेडणेकर म्हणाला, गुलाबी.
दाजी म्हणाला पिवळा, वर पैज लावली.
मी निळा म्हणणार होतो
आणि तोंड उघडून तसाच थांबलो.
चौदा वर्षं, दर शुक्रवारी,
आणि भिंत मी पाहिलीच नव्हती.
आम्ही आत शिरायचो तेव्हा काळोख असायचा.
आम्ही काळोखासाठीच तर शिरायचो.

हॉल उजेडात पाहिलेली
एकच बाई उरली होती,
सत्यभामा कांबळी, सकाळच्या झाडूची.
सगळी दारं उघडून तिने गोळा केलं
शेंगांची सालं, विड्यांची थोटकं,
एकदा सोन्याची एक कुडी,
जी तिने घरी नेऊन दिली
आणि मालकिणीने ओळखली नाही,
नवरा समोर होता म्हणून.
पडद्याकडे तिने कधी बघितलं नाही.
पांढरं कापड, त्यात काय बघायचं?
भिंतीच बघितल्या.
"हिरवो नाय गो," ती त्या पोरीला म्हणाली,
"तवसा कापल्यार भितूर दिसता ना,
तसो. बियांच्या भोवतीचो."

सुरी नखभर आणखी खाली गेली.
होता तिथे.

परवा माझ्या साडूच्या मुलीचं लग्न होतं.
बस्त्याव मिस्त्रीच्या मशीनच्या खोलीत,
जिथे कार्बनच्या कांड्या जळायच्या
आणि बस्त्याव बनियनवर घामाघूम,
तिथे आता आरसा, गजरे, कूलर.
भिंतीतली दोन चौकोनी भोकं मात्र ठेवली आहेत.
एकाला डोळा लावून
नवरी आमच्याकडे बघत होती,
कोण कोण आलं ते.

आणि मग, अंतरपाट धरलेला,
अक्षता मुठीत,
वीज गेली.

मी बाल्कनीच्या पायऱ्या उतरत होतो.
चौथी पायरी फुटकी, पाय आपसूक लांब पडला;
पण ती आता दुरुस्त केलेली,
म्हणून मी धडपडलो.
खालून, अगदी पुढच्या बाकांच्या जागेवरून,
कुणीतरी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.
पिकल्या दातांची शिट्टी, अर्धी हवाच.
मग दुसरी. मग बाबल ओरडला, "लाईट!"
भटजी मंगलाष्टकातच अडकले.
हॉल ओळखीचा वाटायला लागला.

चाचपडत मी एका खुर्चीशी पोचलो.
बाजूला जरीचं लुगडं सळसळलं,
कापराचा आणि फिनेलचा वास,
आणि सत्यभामेचा आवाज, हळू,
देवळात बोलावं तसा:

"एवढो काळोख आसायचो हयसर?"

मी हो म्हणालो.
ती काहीतरी आणखी विचारणार होती,
तेवढ्यात जनरेटर लागला.