परडं

फुलेवाडीतल्या आमच्या परड्यात
पाणी दसऱ्यापर्यंत मुक्कामाला.
काळी माती. पाऊल टाकलं की
पायतान तिचं, पाय तेवढा आपला.

उचगावचा बशीर मुल्लाणी आला,
टाचेनं दाबून बघत म्हणाला,
"वैनी, हिला बोल लावू नका,
धरून ठेवायचा सोभाव हाय हिचा.
खालनं वाट काढून द्याय पायजे."

मग वीतभर खोदाई,
भोकांचा पाइप, गटारीकडं उतार,
खडी, खडीवर क्रशरची कच,
आणि वर सतरंजीसारखं उलगडलेलं
चौरस फुटावर मोजलेलं हिरवं.

ट्रॉली हलायच्या आत
शेजारच्या सम्मेदनं हात घालून
बेंदराच्या बैलापुरता गोळा काढून घेतला.

परवा रात्रभर कोसळला.
सकाळी परडं कोरडं.
पाइपाच्या तोंडाशी कान नेला, तर
पाणी येतंय अजून.
थांबत नाही, एवढंच.

सम्मेदनं बैल आणून गवतावर उभा केला.
एक शिंग वाकडं, पोटाखाली ओल.
दुपारी प्लास्टिक तापलं
तसा तो भेगाळत गेला,
चैत्रात परडं भेगाळायचं
त्याच रेघांनी.

कुंपणाबाहेरची हरळीची काडी
मी त्याच्या तोंडाशी ठेवली.