शिवॉन्हे

मोक्पोच्या बंदराजवळ, हमामखान्यात
आई लोकांच्या पाठी घासायची.
कढत टाकीत गळ्यापर्यंत बुडालेल्या बायका
लालबुंद, डोळे मिटून म्हणायच्या : शिवॉन्हे.

शाळेत शिकवलं होतं, शिवॉन म्हणजे गार.
झुळूक, कलिंगड, सावलीतला लाकडी ओटा.
मी एक पाय घातला आणि किंचाळले.
बायका खिदळल्या.

मग तो शब्द जागोजाग भेटू लागला.
आदल्या रात्रीची दारू उतरवत
काका सुक्या माशाचं उकळतं सूप भुरकायचे. शिवॉन्हे.
पाठीवर, आपला हात पोचत नाही तिथं,
आईचं नख अचूक लागलं की तेच.
मासळीवाल्या ओक-बुननं जावेला सगळं एकदाचं ऐकवलं,
बादली आपटली,
आणि तेच.
थंडीचा संबंधच नव्हता.
काहीतरी अडलेलं असायचं, ते सुटायचं.

यंदा मार्चमध्ये हमामखाना बंद झाला.
आईनं हिरवा खरखरीत हातमोजा पिळून खिळ्याला लावला.
एकतीस वर्षं. सुटले बाई, म्हणाली, शिवॉन
आणि त्याच दमात पुढं जोडलं : सॉपसॉप.
चुटपुट.
आमच्याकडे हा एकच शब्द आहे,
मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही.

त्या रात्री घरच्या न्हाणीत
पहिल्यांदाच मी तिची पाठ घासली.
खांद्यावरून कढत पाणी सोडलं, विचारलं,
कसं वाटतंय?

"अजून जरा वर," म्हणाली.