किमान भार

दाभोळला, धक्क्याच्या वरच्या अंगाला
मेहरूनबी मुकादम यांच्या माडीवर
चार दिवे लुकलुकत होते.

"नवेच आहेत. पोराने पाठवले पुण्याहून.
डिमरवर चालतात, खोक्यावर लिहिलंय.
पूर्ण केले की गप्प. कमी केले की बघा,
टोपलीतल्या कोळंबीसारखे."

इकडे निम्मं दुखणं खाऱ्या वाऱ्याचंच असतं.
मेन पाडला, बोर्ड उघडला:
तांब्यावर हिरवट चढलेलं, न्यूट्रल जरा सैल.
टोकं घासली पॉलिश पेपरने, स्क्रू आवळले.
मेन वर केला.
दिवे तस्सेच.

म्हटलं, बर्फाचा कारखाना सुरू झाला असेल खाली,
तो उठला की अख्ख्या मोहल्ल्याचे डोळे मिचमिचतात.
खिडकीतून हाक मारली शेजारी.
त्यांची ट्यूब शांत होती.

राहिलं ते फिरवायचं बटण.
पितळी कडा, बोटांनी झिजून गुळगुळीत.
मुकादम बोटीवर होते तेव्हा आणलेलं, कुवेतहून.
"रात्री-अपरात्री यायचे. मुलं झोपलेली.
मग एवढाच ठेवायचे," म्हणाल्या,
आणि चिमटीत दाखवला उजेड,
मीठ दाखवावं तसा.

बदलणं सोपं होतं.
साडेचारशेचं नवं बटण माझ्या पिशवीतच होतं.
राहू दिलं.

चष्मा कपाळावर सरकवून पाठीमागचा आकडा वाचला:
कमीत कमी साठ वॅट.
पूर्वी साठाचे चार होते. आता पाचाचे चार.
वल्हं मारावं आणि पाणीच लागू नये,
तोल जाणारच की.

"जुना एखादा आहे का, तारेचा?"
पिठाच्या डब्यामागून निघाला,
उर्दू पेपरात गुंडाळलेला. हलवून पाहिला कानाशी.
तार शाबूत.

एक नवा काढला, तिथे हा लावला.
तीन पांढरे, एक पिवळा. लुकलुक थांबली.
त्या बटण फिरवत गेल्या खाली, खाली.
निम्म्याच्या अलीकडे नवे तिघे विझले,
त्यांची मजल तेवढीच.
पिवळा मात्र उतरत राहिला
नुसत्या लालीपर्यंत, तारेपुरता.

"हां," म्हणाल्या. "एवढाच."

हा गेला तर दुसरा मिळणं कठीण,
हे मला सांगायचं होतं. पैसे मोजताना राहून गेलं.
त्यांनी बटण बंद केलं नाही.
बाहेर दुपारचे साडेतीन वाजले होते.