हातोडीचा कान

माझं काम नाही म्हणायचं.
बत्तीस वर्षं गोस्लारच्या तपासणी केंद्रात
खड्ड्यात उभा राहून मी लोकांच्या गाड्यांची पोटं बघतो.
वर काय चमकतं ते मला कोणी विचारत नाही.

हाइडरून टापे पहिल्यांदा आली ती गाडी ट्रेलरवर घालून.
डस्टर, बहात्तरची, आठ सिलिंडरांची,
नेब्रास्काहून निघून ब्रेमरहाफनला कंटेनरमधून उतरलेली.
रंग वाळल्या मोहरीचा; जिथे होता तिथे.
धुळीचं नाव मिरवणारी गाडी
आमच्या या हार्ट्झच्या डोंगरात, जिथे धूळ उडायची
तर आधी पावसाची परवानगी लागते.

तिच्या नखांत पीठ होतं. बेकरीवाली.
रात्री दोनला भट्टी, दुपारी दोनला गाडी,
मधे झोप. उरली तर.

मी हातोडी घेतली.
चासीवर ठोकत गेलो, ठण्, ठण्, ठण्,
मग भद्.
आणि हातोडी आत.
माझ्या टोपीवर गंजाचा सडा, त्याच्यामागून
मक्याचे चार दाणे.
कुण्या उंदराची बेगमी, समुद्र ओलांडून आलेली.

ती वाकून बघत होती. म्हणाली,
"आमच्यात उलटं.
पाव भाजला की पालथा घालून टिचकी मारायची.
पोकळ वाजला, तर झाला."
मी लिहिलं: उजवी तुळई, नापास.
एकूण एकोणीस दोष. कागद पुरला नाही,
पाठीमागे लिहिले.
दाणे कुठल्याच रकान्यात बसेनात,
ते खणात टाकले.

दीड वर्षाने पुन्हा ट्रेलर.
या वेळी वेल्डिंग तिचं स्वतःचं. कडेचे पहिले टाके
जास्त खमीर पडल्यासारखे फुगलेले,
पुढे पुढे हात बसलेला. ते मला खालून वाचता येत होतं,
वहीत अक्षर सुधारत जावं तसं.
मिलिमीटरच्या मुलखात तिने इंचांचे पाने जमवले होते,
नऊ सोळांश, सात अष्टमांश;
म्हणाली, त्रास कसला, आजोबांची पावाची कृती
अजून पौंडांतच आहे.

पण मागचे दिवे लाल.
थांबायला लाल, वळायलाही तोच लाल, मिचकावणारा.
इकडे वळणं नारिंगी असावं लागतं, बाई.
"थांबल्याशिवाय वळलंय कोण?" ती म्हणाली.
मला उत्तर सुचलं नाही.
नापास लिहिलं.

तिसऱ्यांदा आली ती नोव्हेंबरात, दाट धुक्यात.
नारिंगी दिवे असे बसवलेले, की लागेपर्यंत दिसू नयेत.
मी इकडून तिकडे ठोकत गेलो,
ठण्, ठण्, पुन्हा तिथेच, ठण्.
एका जागी तीनदा ठोकलं.
खात्री नव्हती म्हणून नाही.

मग आवाजाची चाचणी.
तिने किल्ली फिरवली.
छपराचे पत्रे बोलायला लागले,
पलीकडच्या खड्ड्यातला डिटमार सँडविच हातात धरून वर आला
आणि खायचं विसरला.
माझं यंत्र नळीपासून किती दूर धरायचं,
ते नियमात मीटरमध्ये दिलंय.
त्या दिवशी, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा,
मी इंचांत मोजलं.
अंदाजानेच.
चार-दोन जास्त भरले असतील.

शिक्का चिकटवला. अंगठ्याने दाबून धरला,
लागतो त्याहून थोडा जास्त वेळ.
ती म्हणाली, "उद्या पाव न्यायला या."
म्हटलं, आम्हाला काही घेता येत नाही.
"फुकट कोण देतंय?"

सकाळी रांगेत उभा राहून विकत घेतला.
घरी टेबलावर पालथा घातला, टिचकी मारली, कान टेकवला.
बायको म्हणाली, "आता काय ऐकतोयस?"
मी म्हटलं,
थांब जरा.