दम

प्रत्येक कार्यक्रमाआधी तू माइकवर एकच सांगायचास:
"माझं नाव मोत. मोत म्हणजे खिळा.
'जमत नाही' म्हणतानाही आपण मोतच म्हणतो.
काय घ्यायचं ते घ्या."
होंगदेच्या त्या तळघरात सतरा माणसं,
त्यातली चार तुझ्या बहिणीच्या कारखान्यातली,
एक दार राखणारा.
मी मागे उभा राहून तबकड्या फिरवायचो
आणि मोजायचो, तू एका दमात किती ओळी नेतोस.
बावीस. एकदा सव्वीस.
मालक म्हणाला, पोरात दम आहे.
पैसे मागितले तर त्यानेच दम दिला.

आपली खोली अर्धी जमिनीखाली.
खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसायचे
आणि जुलैत गटाराचं पाणी न विचारता आत यायचं.
गाद्या टेबलावर चढवून, घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून
तू भांड्याच्या झाकणात राम्यन निववत होतास
आणि म्हणत होतास, दम धर, एकच वर्ष.
मी धरला. तीन वर्षं धरला.
चौथ्या वर्षी उइजंगबूच्या काकांनी
बॉयलर दुरुस्तीची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

तू सैन्यात गेलास.
छॉरवनच्या थंडीत पहाऱ्यावर म्हणे ओळी रचायचास,
पण लिहायला बोटं वळत नसत.
परत आलास तो आवाज बसवूनच.
घशात गाठ, डॉक्टर म्हणाला, तांदळाच्या दाण्याएवढी.
काढली. त्या दाण्याबरोबर आणखी काय गेलं
ते तू कुणाला सांगितलं नाहीस.
खिळा वाकला, असं मी घरी बायकोला बोलून गेलो
आणि मग दिवसभर ते मलाच टोचत राहिलं.

नंतर तुझं नाव दिसायला लागलं,
म्हणजे दिसत नसे, शोधावं लागे:
गाण्याच्या माहितीत, सगळ्यात खाली,
मुंगीएवढ्या अक्षरात, ओक दोंगसू.
वर सहा मुली, सहा रंगांचे केस.
तुझी आई बाजारात मुळ्याचं किमची विकते,
शेजारच्या मोबाइलच्या दुकानात दिवसभर तेच गाणं.
"डोकं उठवलंय नुसतं," ती मला म्हणाली.
मी सांगितलं नाही कुणाचं आहे ते.
तुला ठाऊक असेल, तिलाही ठाऊक असेल.

मागच्या डिसेंबरात तुझा फोन आला.
अकरा वर्षांनी. स्टुडिओची जमीन तापत नाही, म्हणालास.
मी पिशवी घेऊन आलो.
काचेपलीकडे सरिन नावाची पोरगी गात होती,
पडद्यावर तिच्या आवाजाचे डोंगर,
आणि दोन डोंगरांच्या मधे बारीक लव:
तिचे श्वास.
तू एकेक निवडत होतास, एकेक खोडत होतास.
"इथे दम खाऊ नकोस, ऐकू येतो."
तिचे कान लाल झाले. तिने पुन्हा म्हटलं,
पुन्हा, पुन्हा, नऊ वेळा,
शेवटी तू हसून मान हलवलीस.
मला सव्वीस ओळी आठवल्या.
मी काही बोललो नाही, पाइपांत अडकलेली हवा काढली,
पूर्ण बिल लावलं. तू दुप्पट दिलंस. मी घेतलंही.

हे सगळं तुला लिहायचं कारण वेगळंच आहे.
परवा चौदाव्या मजल्यावर बॉयलर उघडून बसलो होतो,
शेजारच्या खोलीत एक शाळकरी मुलगी
तुझ्या नव्या गाण्यावर नाचत होती.
फरशी हादरत होती, माझा पाना घसरत होता.
आणि दुसऱ्या कडव्यानंतर
ढोल आला अर्धी मात्रा उशिरा.
पुन्हा तिथेच. पुन्हा उशिरा.
दोंगसू, ती चूक माझी आहे.
तबकडी मी नेहमी तेवढीच उशिरा सोडायचो,
त्यावरून तू मला रस्त्यात शिव्या घालायचास.
सगळे श्वास पुसणारा तू,
ही एवढी मोठी चूक तुला दिसली नाही?
ती मुलगी मात्र बरोब्बर तिथेच
एक पाय हवेत धरून थांबत होती.

गाणं संपल्यावर दारात येऊन तिने विचारलं,
"काका, पाणी कधी गरम होणार?"
माझ्या हातात उघडा नळ, डोळ्यांत काजळी गेलेली.
दम धर, म्हणालो.